बैलगाडीत मावणारी रेल्वे

हुलसूर, ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८७०

तीर्थस्वरूप रेणुकाअक्कास,

सत्यभामेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बार्शीचं पाणी मानवलं का? इकडचं क्षेम लिहायची रीत आहे म्हणून लिहिते : आम्ही तिघं जेवतो, आणि गल्लीत आता चारच चुली पेटतात. आमची कला ठाणाकुशनूरहून परत आली त्याला तीन महिने झाले. तिचा नवरा दंगलीत गेला, घर जळालं, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून पोर एक शब्द बोललेली नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तू बोलावतेस, पण आणू कशी? एकदा आम्ही दोघांनी धरून पाहिलं. तिने चौकट धरली ती नखं उचकटली तरी सोडली नाही. तेव्हा आमचं येणं होत नाही, राग मानू नये.

आता तुझ्या मेहुण्यांचं ऐक. (नाव घे म्हणू नकोस.) दंगलीच्या भीतीने अख्खं गाव निघायच्या तयारीत आहे, धान्य पुरतंय, भांडी बांधतंय, आणि हे रेल्वे बांधताहेत! तीस वर्षं रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडीचे रूळ बदलणारे, होते, कला लहान असताना तिला खांद्यावर बसवून गाड्या दाखवायचे. यांचं म्हणणं, खेळातली रेल्वे बैलगाडीत चढली की मागोमाग पोर चढेल. म्हणून ती फळ्यांवर मांडलेली, सुटी होणारी हवी. रूळ बांबूच्या कामट्यांचे, इंजिन तंबाखूच्या डबीचं, डोंगर कागदाच्या लगद्याचा. सुपाला लावायच्या लगद्यात आपण मेथी वाटून घालतो ना, तशी मीच घालून दिली. आठवड्यात उंदरांनी डोंगर आरपार खाल्ला. यांनी भोक बुजवलं नाही, रूळच तिथून नेले. (सरकारी बोगद्यापेक्षा सरळ आहे म्हणे.)

फळ्या बैलगाडीच्या बरोब्बर मापाच्या केल्या आणि काम सगळं माजघरात, कलाच्या डोळ्यांपुढे. ती भिंतीकडे तोंड करून बसे, ते वेगळं. पूर्ण झाल्यावर मधली फळी दारातून निघेना. आडवी धरली की डोंगर अडे, उभी धरली की स्टेशन. अमृतप्पा सुतार आला नि म्हणाला, “अण्णा, बैलगाडी मापलाव, दार कामून न्हाई मापलाव?” हे म्हणाले, “दार काय गावाला जायलंय व्हय?” शेवटी करवत चालली ती स्टेशनाच्या मधोमध. फलाट एकीकडे, तिकिटाची खिडकी दुसरीकडे. असं आमचं चाललं आहे. भाऊजींना नमस्कार सांगावा.

तुझी,
सत्यभामा

ता.क. वरचं लिहून चार दिवस झाले, टाकायचं राहिलं. त्याच दिवशी यांनी कापलेले तुकडे जोडून पाहिले, आणि तीस वर्षं सांधे बदललेल्या माणसाने एक तुकडा उलटा लावला. फलाटावरून निघालेले रूळ थेट मी मांडलेल्या मातीच्या विहिरीत. भिंतीकडून आवाज आला, “अप्पा, गाडी हिरीत जायलीय.” अमृतप्पाच्या हातातली करवत पडली. मी आत जाऊन धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले.

ता.क. दुसरा. तेव्हापासून हे रोज उलटंच जोडतात, ती रोज रागावते. आज सकाळी यांनी दाराशी बैलगाडी लावून तिच्यातच फळ्या मांडल्या, उलट्या. कला उंबऱ्यात उभी राहिली. बैल दोनदा शेण टाकेपर्यंत उभी होती. मग बाहेर आली, वर चढली, फळी सरळ केली, आणि अजून उतरलेली नाही. म्हणून भाकरी बांधून आम्ही आत्ताच निघतो. पत्र अमृतप्पाच्या हाती देते, तो मोटारीने आधी पोचेल. ती आली की तिला काही विचारू नकोस. फळ्या उतरवून घे आणि चुकीच्या जोड. उद्या पुन्हा चुकीच्या जोड. रेल्वेतलं तुला काही कळत नाही, तेव्हा जमेल. फक्त मुद्दाम करतेस असं दिसू देऊ नकोस.