गोळीशिवाय बहात्तर

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून हृदयाची गोळी बंद. डॉक्टरला विचारलेलं नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमच्या बाटल्या मी पुसल्या, त्याने नाही. हृदय चालतं ते याच आयनांच्या ये-जा करण्यावर. गोळी फक्त हृदयावरचे रिसेप्टर अडवून बसते, अ‍ॅड्रेनलिनला जागा देत नाही. मग अ‍ॅड्रेनलिन मनानेच आवरावं. रोज वीस मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष. रागवायचं नाही.
बायकोने, रंजिताने, कटकट केली. रागावलो नाही. (थोडा.)

५ जानेवारी
नाडी ७२. रंजिता आज गप्प. शास्त्रापुढे गप्प व्हावंच लागतं.

९ जानेवारी
आनापानात झोप लागली, तीही वीस मिनिटांत धरायला हरकत नाही. शेजारच्या लूमवाल्याशी मागांच्या आवाजावरून भांडण. उसको बोला, हार्ट पेशंट हूँ. नंतर आठवलं, आता नाही. नाडी ७४ फक्त! इच्छाशक्ती.

११ जानेवारी
महादू आला. दापोड्याच्या गोदामात टेम्पो चालवतो, शाळेपासूनचा दोस्त. छातीत दुखतं म्हणून त्यालाही तीच गोळी. घेतली की अंगात जोर राहत न्हाय म्हणाला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रिसेप्टरचं चित्र काढून दाखवलं. माझी नाडी मोजायला दिली.
"तू शिकलेला हायेस," म्हणाला. "तू सांगशील तसं."
त्याचीही गोळी बंद. टेमघरच्या या गल्लीत विज्ञान आणणारा पहिला माणूस मीच असावा.

१३ जानेवारी
महादूचा फोन. छाती धडधडते, घाम येतो, डॉक्टरकडे जाऊ का? म्हटलं, शरीर सवय सोडतंय, धीर धर.

१५ जानेवारी
महादू माल उतरवताना कोसळला. हार्ट अटॅक. ठाण्याला आयसीयूत. त्याची बायको गुणाबाई बाहेर बाकावर. तिथला डॉक्टर सांगत होता, ही गोळी एकदम थांबवायची नसते. रिसेप्टर अडवलेले असतात तेव्हा हृदय आणखी रिसेप्टर तयार करतं. गोळी गेली की अ‍ॅड्रेनलिन त्या सगळ्यांवर एकदम तुटून पडतं. कोणी बंद करायला सांगितली, असं त्याने महादूला विचारलं म्हणे.
महादू म्हणाला, "कोनी न्हाय. मीच केली."
हे मला गुणाबाईने सांगितलं. मी घड्याळ बघत होतो.

१६ जानेवारी
रंजिताला समजावलं, सिद्धांत बरोबर होता, महादूची इच्छाशक्ती कमी पडली. मला बारा दिवसांत काही झालं का?
ती भांडी घासत होती. हात थांबवले नाहीत.
"तुमची गोळी रोज ताकात कुस्करून देते मी. मेडिकलवरून नवी पाकिटं आणली, तुमच्या डॉक्टरला विचारून. महादूभाऊंना सांगितलंत हे मला कुठे माहीत होतं?"
तिच्याशी बोलणं बंद. नाडी मोजली नाही.

१९ जानेवारी
महादू वॉर्डात. हृदयाचा बराच भाग गेला, टेम्पो पुन्हा चालवता येणार नाही. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रिक्षात वाक्यही तयार केलं होतं.
त्याने माझा हात धरला.
"मला न्हाय जमलं रं. तुला कसं जमलं?"
गुणाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी म्हणालो, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते.