कोगनोळीच्या मोरीची उंची

अण्णा, काल मी कोगनोळीच्या अलीकडे, जुन्या रस्त्यावरच्या त्या मोरीवर चार तास बसून होते. हायवे रुंद होऊन आता बाजूनं जातो, त्यामुळे मोरी तशीच राहिली आहे आणि तिच्या कठड्यावर छिन्नीनं कोरलेली उंचीची खूणही. तुम्ही विचारलं असतं, आता तिथं काय काम? देशभरातल्या उंच्या ज्या पायावर मोजतात, तो पायाच नवा करायचं चाललंय. उपग्रहावरून मिळणारी उंची आणि तुम्ही लेव्हलची दुर्बीण लावून काढलेली उंची यांचा मेळ घालायचा, तर जुन्या खुणांवर पुन्हा जायला हवं. एवढ्या खुणांना सरकारी माणसं पुरत नाहीत. म्हणून आमच्यासारख्या खाजगी मोजणीदारांना निरोप आला: ज्याच्याकडं उपग्रहाचं यंत्र आहे त्यानं ते जवळच्या खुणेवर चार तास लावावं आणि माहिती पाठवावी. मी बेळगावहून येऊन निपाणीकडच्या बऱ्याच खुणा केल्या. मोरीची मात्र शेवटी ठेवली. मला तिची भीती वाटत होती.

तुमच्या हाताखाली येऊन मला चारच महिने झाले होते. चिकोडीत सर्वेचा कोर्स केलेल्या मुलीला कुणी कामावर घेत नव्हतं. तुम्ही घेतलंत आणि पहिल्याच आठवड्यात झापलंत. लेव्हलचा बबल स्थिर व्हायच्या आधीच मी आकडा लिहिला होता. तुम्ही फील्डबुक हातातून ओढून घेतलंत. "जे डोळ्यानं बघितलं न्हाय, ते लिवायचं न्हाय. जमत नसंल तर घरी जाऊन भाकऱ्या थाप." दुपारी डब्यातली शेंगाची पोळी माझ्यापुढं सरकवलीत. ते वाक्य मी जन्मभरासाठी गाठीला बांधलं.

आणि मग तो शनिवार. निपाणीकडून खुणा मोजत आपण येतोय. मोरी समोर दिसतेय, अजून चार-पाच ठिकाणी लेव्हल मांडायची राहिलीय. ऊन असं चढलंय की मी उभ्या धरलेल्या स्टाफच्या काठीवरचे आकडे दुर्बिणीत थरथरतायत. तुम्ही डोळा बाजूला काढून म्हणता, "ऱ्हाऊ दे आता. आकडं नाचाय लागल्यात." आपण परत फिरतो. सोमवारी कचेरीत मी फील्डबुक उघडते, तर पान मोरीपर्यंत भरलेलं. अक्षर तुमचं. मी तुमच्याकडं बघते, तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "बघत काय बसलीस? पुढची बेरीज कर." मी बेरीज केली. स्टाफ धरायला कायम मी असायचे. मग माझ्यावाचून हे मोजलं कुणी? तुम्ही घरी बसून आकडे घातलेत, असा निकाल मी मनात लावून टाकला. विचारलं नाही. पुढं तुम्ही गेलात आणि विचारायचं राहूनच गेलं.

काल संध्याकाळी हिशेब लावला. जुन्या आणि नव्या उंचीत आजूबाजूच्या खुणांवर जेवढा फरक येतो, तेवढाच मोरीवर आला. मनानं घातलेला आकडा असता तर तो दाताखालच्या खड्यासारखा लागला असता. मी दोनदा तपासलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला काही कळेचना. आज दुपारनंतर निपाणीला तुमच्या घरी आक्कांकडं गेले. त्या आता फार थकल्यात. मोरीचं पान तुम्ही कसं भरलं असेल ते मी विचारलं, तर हसल्याच.

"व्हय की गं, आयतवारी पहाटं सायकलवर गेलतो आमी. ती रंगीत काठी धरून मला हुबं केल्तं. हलायचं न्हाय म्हणून लई वरडलं मला."

"कोगनोळीची मोरी ना, आक्का?"

"मोरीच हुती. कोगनोळीची का चिकोडीच्या वाटंवरची, आता काय ध्येनात न्हाय बघ. दिवस मावळाय आलाय, जेवून घे आदी."

मी जेवले. तिथंच चुलीशेजारी बसून. आक्का वाढत होत्या आणि मला त्यांच्या हातात स्टाफ दिसत होता, मग दिसेनासा होत होता. गेला होतात ना अण्णा, दोघं? मग सोमवारी एका शब्दानं का सांगितलं नाहीत? बायकोला घेऊन सरकारी काम केलं म्हणून संकोच वाटला, की मला सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही? का आक्का दुसऱ्याच मोरीबद्दल बोलतायत आणि तुमचा आकडा नुसता नशिबानं बसला? मला खरंच ठरवता येत नाही. मोरीची माहिती मी पाठवून दिली.

पण गुंजीकडच्या खुणांच्या रांगेत एक आकडा माझा आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी ते काम मला मिळालं होतं. शेवटचा खुणेचा दगड झाडीत आत होता, मी दमले होते आणि तिथवर गेलेच नाही. अण्णांनी लिहिला, मग मी लिहिला तर काय, असं म्हणून उंची अंदाजानं घातली. तो दगडही आता यादीत आहे. खानापूरच्या कुणीतरी तिथं यंत्र लावायचं अंगावर घेतलंय. ही खूण धरू नका, एवढंच मला कळवायचं आहे. आज दोनदा माहिती पाठवायचं ते पान उघडलं आणि काही न लिहिता मिटलं.