समितीने नाजूक ठरवलेला सज्जा

प्रिय विनिफ्रेड आत्यास,

स्कारबरोची हवा तुझ्या गुडघ्याला मानवली असेल असं धरून चालते. इकडे गावात जे घडलं ते क्रमाने:

१. मंगळवारी, ३ ऑक्टोबरला, समितीच्या विनंतीवरून मी गावच्या सभागृहाचा सज्जा तपासला.
२. पूर्वेकडच्या दोन तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत. स्क्रूड्रायव्हर अकरा सेंटिमीटर आत गेला. मी जोर लावला नव्हता.
३. अहवालात मी लिहिलं: सज्जा 'अनसेफ' आहे.
४. त्याच संध्याकाळी समितीने तो शब्द बदलला.

चौथ्या मुद्द्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. (पहिल्या तिन्हींना मिळून पन्नास.) अध्यक्ष क्लेमेंट हॉल्डस्वर्थ शाळेतून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली, शाळा मात्र अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या मोजमापाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. शब्द तेवढा अंगावर येतो." केकची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस अ‍ॅकरॉइड म्हणाल्या, "सुगीच्या जेवणाला लोक हौसेने येतात. असलं काही वाचलं तर वर कोण चढेल?" कोणी चढू नये म्हणूनच लिहिलंय, असं मी सांगितलं. "शिकलेल्या मुलींशी बोलायची सोय नाही," असं त्या किटलीला म्हणाल्या.

मग अध्यक्षांनी समानार्थी शब्दांचा जाडजूड कोश काढला. त्यांना सौम्य शब्द हवा होता. कोशात 'धोकादायक', 'घातक' आणि 'जीवघेणा' निघाले. एवढ्यावर कोणताही माणूस कोश मिटून तुळईकडे बघेल. यांनी पान उलटलं. दूरच्या नात्यातले शब्द शोधता शोधता 'थकलेला' आला (मिसेस अ‍ॅकरॉइडना तो वैयक्तिक वाटला), 'लहरी' आला आणि शेवटी 'नाजूक' पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मला मत नव्हतं. आपण मान डोलावली की इमारत सुधारते, असं वाटणाऱ्या लोकांना छप्पर तरी कशाला लागतं, हे मला कळत नाही.

यापुढचा भाग मी इतिवृत्तातून शब्दशः देते, नाहीतर मी रचला असं वाटेल. सज्जा नाजूक असल्यामुळे जेवणाच्या वेळी तिथून वाजवणाऱ्या बावीस वादकांनी वर 'हळुवार' चढावं, आणि ढोलवाल्याने बूट काढावेत.

मी काउन्सिलला दुसऱ्याच दिवशी कळवलं. त्यांचं उत्तर एकवीस दिवसांत येतं. जेवण शनिवारी, १४ तारखेला आहे, म्हणजे आठ दिवसांवर. सभागृहाची किल्ली अध्यक्षांकडे आहे, आणि माझा अहवाल फुकट केलेला असल्यामुळे ते त्याला 'एक मत' म्हणतात.

बाकी ठीक. तुझ्या बागेतले कांदे काढून टांगले आहेत.

तुझी भाची,
रोवेना

ता. क. १: वाद्यवृंदाच्या संचालिकेला फोनवर विचारलं आणि तिची हरकत नाही, असं हॉल्डस्वर्थ सांगत फिरताहेत. संचालिका तू आहेस. त्यांनी तुला 'नाजूक' असं सांगून विचारलं असणार. मी 'अनसेफ' असं सांगून विचारते आहे. तू नाही म्हणालीस तर बावीसपैकी एकही जण वर जाणार नाही. खाली, टेबलांच्या बाजूला, उभं राहून वाजवता येईल. जागा मी मोजली आहे, पुरते.

ता. क. २: तू जिथे उभी राहतेस ते त्या दोन तुळयांच्या बरोबर मध्ये आहे. हे अहवालात लिहिलं नाही, कारण ते मोजमाप नव्हे. मला दुसरी आत्या नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर कळव. 'हो' किंवा 'नाही' पुरे.