न्हाणीमागची मुळी

१४ मे, मंगळवार

बोलून गेले! "डोंगरावरची आहे, आई." इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

तिने मुळी मोडली. आतला पिवळा रंग उजेडात धरून बघितला. जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, "हं. डोंगरच. दुसऱ्या कशाची अशी चव नाही."

मुळी न्हाणीमागची होती. माझ्या वाफ्यातली. मी लावलेली.

काय करू? चार तास वर हिंडले. जिथे आई मला या मुळीच्या, निबिमाच्या, वेलींसाठी न्यायची, त्या कड्याखाली नुसते खड्डे. कुणी पोत्यांनी मुळ्या नेल्यात, बुडासकट. एक वेल राहिलाय, खडकाच्या फटीत, अंगठ्याएवढा. त्याला हात लावायचा धीर झाला नाही. खाली आले तर लार्बी ओसरीवर तापाने कुडकुडत बसलेला. माडी काढणारा माणूस, एरवी ताडावर सरसर चढतो, आज त्याच्याने बाकावर सरळ बसवेना. त्याला रिकामा हात दाखवायचा?

आईचं म्हणणं ठाम आहे: "हाताने लावलेलं पोट भरतं. औषध होत नाही. औषध डोंगर देतो." हे तिच्या आईचं, तिच्या आईच्या आईचं. त्यात माझं न्हाणीमागचं कुठे बसायचं!

१६ मे, गुरुवार

आज धरणीचा वार. कुणी कुदळ उचलत नाही, शेतावर जात नाही. मातीला विसावा. मलाही मिळाला, पण मन काही विसावत नाही.

लार्बीचा ताप उतरतोय. रोज तीनदा काढा, मातीच्या मडक्यात उकळलेला. त्याची बायको अडोबिया सकाळी सांगायला आली आणि भरात "फार उप—" इथपर्यंत पोचली. आईने तिच्या तोंडावर हातच ठेवला! "गप! अजून घेतोय ना तो? औषधाचे आभार मानले की औषध म्हणतं, झालं माझं काम, आणि निघून जातं." बिचारी अडोबिया हात तसाच तोंडावर ठेवून घरी गेली.

आभार मानायचे ते पूर्ण बरं झाल्यावर. हातांना पांढरी माती फासून, पांढरं नेसून, कोंबडी घेऊन. तेव्हा देणं फिटतं.

१९ मे, रविवार

लार्बी आला! खांद्यापर्यंत पांढरी माती, काखेत पांढरी कोंबडी, तोंडभर हसू. "ओफोरिवा आजी, तीन ताड चढून आलो!" आई तिच्या स्टुलावर राणीसारखी बसलेली. कोंबडी घेतली, माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? याला म्हणतात डोंगराची मुळी. तुझ्या त्या बागेतल्या कुंडीत हे होणार आहे का?"

कुंडी नाही, वाफा आहे! ओठावर आलं होतं. गिळलं.

दोन वर्षं झाली त्या वाफ्याला. शेंगा जोडीजोडीने लटकतात, शिंगांसारख्या. तडकल्या की बिया रेशमी पंख लावून उडून जातात, एक हाती लागत नाही. म्हणून मी शिवणकामातल्या चिंध्या घेऊन वर गेले आणि तडकायच्या आधीच एकेक शेंग बांधून ठेवली. पंधरा दिवसांनी परत जाऊन काढल्या. रोपं, मांडव, आधाराच्या काठ्या—सगळं आईच्या नाकाखाली, आणि ती समजते मी तिथे घेवडा लावलाय. न्हाणीमागे ती कधी जातच नाही. गुडघे.

कोंबडीचा रस्सा फुफूच्या मऊ गोळ्याबरोबर झाला. तंगडी मी खाल्ली. अर्धं कौतुक तरी पोटात गेलं.

२४ मे, शुक्रवार

आईने विचारलं, मुळ्यांचा डबा भरलाय ना? भरलाय म्हटलं. डब्यात भुगा आहे. लार्बीनंतर आणखी चार जण आले. आज घागऱ्यांची ऑर्डर संपवते, उद्या खणते.

३० मे, गुरुवार

उद्या, उद्या! सहा दिवस शिलाई मशीनवरून उठले नाही, आणि आज अडोबिया तापाने फणफणत आली. आता लार्बी बाजूला बसून तिचा हात धरून.

"मडकं चढव," आई म्हणाली. "डबा भरलेला आहे."

माझंच खोटं माझ्या गळ्यात. काय सांगणार? आत गेले, मागच्या दाराने न्हाणीमागे गेले, आणि खणलं. गुरुवारी. खणण्याआधी वेलीला अंडं ठेवायचं असतं ते ठेवलं नाही, कुणासाठी घेतेय ते तिला सांगितलं नाही, कुदळीचा आवाज होऊ नये म्हणून कोयत्याने, गुडघ्यांवर बसून, चोरासारखं. मोडलेल्या वेलीतून चीक आला आणि वाळून तांबडा झाला. माझ्या बोटांवर अजून आहे. साबणाने जात नाही.

धरणीबिरणी मी मानते की नाही, मला ठाऊक नाही. पण खड्डा बुजवून माती दोनदा थापटली, हे खरं.

२ जून, रविवार

अडोबियाला उतार नाही. काल रात्री उलट्या.

३ जून, सोमवार

मी आणि लार्बीने तिला दवाखान्यात नेलं. डेडे नर्सने बोट टोचून पाहिलं. हिवताप नाहीच. टायफॉइड. "आयेबिया ताई, तुमची मुळी हिवतापाची," डेडे म्हणाली, "हिच्या आतड्याला ती काय करणार? आधी इथे आणायचं ना! तुमच्यापुढे हात जोडले." बरोबर बोलली. सलाईन लावलंय, धोका नाही.

म्हणजे मुळीचा दोष नव्हता. मग मला हायसं का वाटत नाही?

४ जून, मंगळवार

पहाटे उठून बघते तर आई दारात. पायात चपला, हातात काठी, पदराला अंडं बांधलेलं.

"कुठे?"

"वर. डोंगर रुसलाय. आपल्या हातून काहीतरी चुकलंय. माफी मागून येते."

"टायफॉइड होता, आई. डेडेने सांगितलं."

"डेडेने तिचं सांगितलं. मी माझं विचारते."

ते गुडघे! अंगणाची पायरी उतरताना दोनदा थांबते ती. कड्यावर गेली असती तर आम्ही तिला झोळीतून आणली असती. जीव इतका घाबरला, की दारातच आडवी झाले आणि सगळं सांगून टाकलं. खड्डे, शेंगा, चिंध्या, वाफा, लार्बी, डबा. एका दमात.

मला वाटलं, काठी बसणार. ती उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "अडोबियाची कधी खणलीस?"

"गुरुवारी."

"गुरुवारी." पदराची गाठ सोडून तिने अंडं बाजूला ठेवलं. "लावलीस ते लावलीस. गुरुवारी खणलीस? अंड्याशिवाय? नाव न सांगता? सत्तेचाळीस वर्षांची घोडी झालीस, आणि औषधाच्या घरात चोरी करून औषध आणलंस?"

मी तिच्या पायातल्या चपला काढून ठेवल्या. 

१२ जून, बुधवार

आठ दिवस आई माझ्याशी बोललेली नाही. ताट ठेवते, ती जेवते. ताट उचलते.

पण ते चालेल. हे चालत नाही: काल तीन माणसं आली, तिघांनाही तिने परत पाठवलं. "माझ्याकडे औषध नाही. दवाखान्यात जा." आजही दोघं. तिच्या आईच्या वेळेपासून तो बाक ओसरीत आहे, माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झालेला. आज त्यावर शेजारची बकरी झोपली होती. आईने हाकललीसुद्धा नाही.

माझ्या खोटेपणाने हे घर बंद पाडलं. लिहूनच टाकते, म्हणजे उद्या स्वतःची समजूत काढायला नको.

१७ जून, सोमवार

लार्बी आला. अडोबिया घरी आली, आंबवलेल्या मक्याचं केन्के मागून खाते, सांगायला आला होता. आई त्याला म्हणाली, "तू रोज वर असतोस. खरं सांग. कड्याखाली काय आहे?"

"खड्डे, आजी. साळिंदरसुद्धा इतकं खणत नाही."

"एकही वेल नाही?"

"एक आहे. करंगळीएवढा."

(अंगठ्याएवढा होता. पण असो.)

आई जमिनीकडे बघत बसली. मला वाटलं रडेल. तेवढ्यात लार्बीच्या डोक्यात उजेड पडला. "थांबा थांबा! मग मला दिलीत ती कुठली?" मी न्हाणीकडे बोट केलं. तो हसत सुटला. "न्हाणीमागच्या मुळीने मला ताडावर चढवलं? आणि मी डोंगराच्या नावाने कोंबडी दिली! आजी, कोंबडी परत करा, हिला देतो!"

मीही हसले, इतक्या दिवसांनी. आई हसली नाही. पण संध्याकाळी काठी टेकत न्हाणीपर्यंत गेली. कोपऱ्यावरून मांडवाकडे बघितलं आणि परत आली. 

२४ जून, सोमवार

आईला ताप. दुपारपासून दात वाजतायत, तीन पांघरुणं घातलीत. डेडेला बोलावलं. बोट टोचलं. हिवताप. डेडेने गोळ्यांचं पाकीट काढलं, आईने तिचा हात बाजूला केला.

"म्हातारीला मरायचंय का?"

"मरायचं नाही. आयुष्यभर लोकांना जे पाजलं, ते मी नाही प्यायचं? कुठल्या तोंडाने?"

"मग कुठाय तुमची मुळी?"

आई भिंतीकडे वळली. डेडेने मला बाहेर ओढलं. "तीन दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ मी बघून जाईन. चौथ्या दिवशी उतार नसला तर गाडी बोलावते, त्या ओरडल्या तरी. आधी बिघडलं तर आधीच."

वाफ्यात नऊ वेल आहेत. दहा पावलांवर. आणि मी विचारू शकत नाही. पुन्हा लपवून पाजणं तर मेले तरी नाही.

२५ जून, मंगळवार

सकाळी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. डोळे मिटूनच तिने विचारलं, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग?"

"मग काय, आई?"

"मग बसलीस काय? अंडं घे. वेलीला माझं नाव सांग, पूर्ण. आणि सगळी मुळी उपटू नकोस, अर्धी ठेव."

मी धावले! चपला न घालता. अंडं वेलीच्या बुडाशी ठेवलं, नाव सांगितलं, माझंही सांगितलं, आणि गुरुवारबद्दल क्षमा मागितली. मोठ्याने. शेजारीण कुंपणावरून बघत होती. बघू दे!

२६ जून, बुधवार

काढा घेते. तोंड वाकडं करते.

"कडू आहे?"

"आहे."

"डोंगराच्या मुळीइतका?"

तिने रिकामी वाटी माझ्या हातात दिली. डेडे म्हणते, ताप तसाच आहे. दोन दिवस राहिले.

२७ जून, गुरुवार

दुपारी घाम फुटला. चादर बदलली. घाबरून लिहीत नाही, म्हणजे दृष्ट नको लागायला.

२९ जून, शनिवार

डेडेने पुन्हा बोट टोचलं. रक्त साफ. तिने दोनदा बघितलं, मग पाकीट पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "मला चार बिया देशील?"

आई उठून बसली, रताळं आणि अळूची भाजी मागितली. मीठ कमी आहे म्हणाली. काढ्याबद्दल एक शब्द नाही. असू दे. उद्या-परवापर्यंत मडकं चालू आहे, तोवर बोलायचं नसतंच.

२ जुलै, मंगळवार

मडकं धुऊन पालथं घातलं. आई अजून गप्पच. आता तर बोलता येतं ना? रागावलेय मी. का रागावू नये? दिवसभर मशीन बडवत बसले, एक बाही उलटी शिवली.

४ जुलै, गुरुवार

सकाळी ओसरीत आले. आई बाकावर बसलेली. तिच्या स्टुलावर नाही—बाकावर, आजारी माणसांच्या. पांढरं नेसलेली. दोन्ही हात कोपरांपर्यंत पांढऱ्या मातीने माखलेले. मांडीवर पांढरी कोंबडी.

"वैदीणबाई आहेत का घरात?" तिने विचारलं.

मी उभीच. तिने रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

"बस की. तू बसल्याशिवाय मी देऊ कुणाला?"