दिवाळीच्या कापडाचा शर्ट

धरमतर, ता. पेण
१२ जानेवारी १९८४

ती. रघूदादास,

काळुरामचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. वहिनी आणि बाळ खुशाल असतील. मिठागरात भरतीचं पाणी घेतलंय, त्यामुळे आईला आणि मला दिवसभर उसंत नाही.

तू पाठवलेला शर्ट मला नीट बसला. निळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा, कॉलर कडक. आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. तुझ्या कंपनीत मुलाखतीला निघताना म्हणाली, "रघ्याचा शर्ट हाय. एसटीत घालू नको, चुरगळंल. रोह्याला उतरून बदल." मी स्टँडवरच्या मुतारीत बदलला. बूट शेजारच्या पोपटचे, एक बोट आखूड. पण चप्पल घालून आलास तर गेटवरूनच परत पाठवतील, असं तू बजावलं होतंस. म्हणून मुकाट चालत आलो.

साहेबांनी माझे दाखले नंतर पाहिले. आधी शर्ट पाहिला.

"हे कापड आम्ही दिवाळीला ऑफिसच्या माणसांना वाटलं. तुझ्याकडे कुठून आलं?"

नातेवाइकांना घेत नाहीत, भाऊ म्हणून ओळख दाखवू नको, असं तू लिहिलं होतंस. म्हणून मी दाखले पुढे केले. "चोरलंस काय रे?" म्हणून साहेब हसले, आणि टेबलावरची घंटा वाजवून त्यांनी तुलाच बोलावलं.

आल्यापासून आई विचारतेय, "रघ्या भेटला? काय बोलला?" कामात होता, एवढंच मी सांगितलं.

"आमच्याकडे भांडी घासायला बाई येते, तिचा मुलगा. मीच दिला जुना शर्ट." हे तू साहेबांना दिलेलं उत्तर तिला कसं सांगू?

गावचा पोरगा म्हणाला असतास तरी चाललं असतं, दादा. आडनाव तू आधीच बदललंस, साहेबांना संशय यायचं कारणच नव्हतं. वहिनीच्या बाळंतपणात आई दीड महिना तुमच्याकडे राहिली, भांडी तिनंच घासली. म्हणजे तसं खोटंही बोलला नाहीस.

साहेब खूश झाले. कामवालीच्या मुलासाठी कोण एवढं करतं, म्हणून त्यांनी तुझी पाठ थोपटली. त्या खुशीतच मला हेल्परचं काम मिळालं. एक तारखेला हजर होतोय. नको म्हणायची ऐपत नाही. तिथं माझी ओळख तू सांगितलीस तीच ठेवीन.

शर्ट परत पाठवतोय. कॉलरवरचा घामाचा डाग आईनं रिठ्यानं काढलाय.

एकच अडचण आहे. पहिल्या दिवशी तिला माझ्याबरोबर गेटपर्यंत यायचंय. "दोनी पोरं एका कंपनीत, बघू तरी दे." तू बारशाला घेतलेलं जरीकाठी लुगडं तिनं आतापासून काढून ठेवलंय. ते नको, रोजचं विरलेलं नेस, असं तिला काय कारण सांगून म्हणू, तेवढं उलट टपाली कळव.

तुमच्या भांडीवालीचा मुलगा,
काळुराम