‘टेक ओव्हर’ म्हणजे वरचं घेणं नव्हे

१२ मार्च २०१६

जखम! म्हणे संस्थेची जखम भरून काढणार! हसावं की डोकं आपटून घ्यावं?

आज दूध संस्थेच्या कट्ट्यावर मीटिंग झाली. पुण्याकडच्या दूध कंपनीचं पत्र आलंय, सगळं इंग्रजीत. चेअरमन म्हणजे आमचे चुलतसासरे, राधाकिशन आण्णा. चष्मा लावून उभे राहिले आणि एकेक ओळ फोडून सांगायला लागले. ‘टेक ओव्हर. टेक म्हंजे घेणं, ओव्हर म्हंजे वर. कंपनी आपलं वरचं दूध बी घेणार हाय.’ लोकांनी माना हलवल्या. मग पुढची ओळ — ‘सोसायटी शॅल बी वूंड अप. वूंड म्हंजे जखम. दुष्काळानं संस्थेला जखम झाली, ती भरून संस्था वर आणणार.’ टाळ्या!

मी मागं, फॅटच्या मशीनपाशी उभी. आठ वर्षं झाली, या केंद्रावर दूध मापते, फॅट काढते, चिठ्ठ्या फाडते. अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत इंग्रजीच घेतलं होतं — लग्न ठरलं नि सुटलं. राहवलं नाही, बोलले. ‘आण्णा, ते वूंड न्हाई, वाऊंड हाय. जखमेचा शब्द येगळा.’

‘मग ह्यो कशाचा?’

आणि ऐनवेळी मला आठवेना! एवढंच म्हणता आलं, की घेणं आणि वर अशी बेरीज करून अर्थ निघत नाही. आण्णा हसले. ‘सूनबाई, टेक ते टेकच. शेपटी बदलली म्हणून म्हशीची शेळी होती का?’

सगळे हसले. जिला मी मावशी म्हणते ती बायनाबाईसुद्धा. तिचं हसणं जास्त लागलं.

१३ मार्च

होते! इंग्रजीत शेपटी बदलली की म्हशीची शेळीच होते!

रात्रभर हेच डोक्यात. टेक ऑफ — विमान उडतं, नाहीतर माणूस पायातली चप्पल काढतो. टेक आफ्टर — लेक आईवर जाते. टेक इन — आसरा देणं. आणि टेक इन म्हणजेच फसवणं! एकाच जोडीत आसरा आणि फसवणूक. काय लोक आहेत हे!

पण आपल्यात तरी वेगळं काय? ‘लागणं’ घ्या. मार्गी लागणं, नादी लागणं, हाती लागणं, पाठी लागणं. पोरगं मार्गी लागलं आणि पोरगं नादी लागलं — लागणं एकच ना? मग त्याच्या आईला विचारा फरक. हे मला काल तिथं सुचायला हवं होतं. सुचतं ते दुसऱ्या दिवशी, भाकरी थापताना!

आमचे हे म्हणाले, ‘चुलत्याच्या तोंडी लागू नको.’

घ्या — आणखी एक लागणं.

१४ मार्च

पत्र केंद्रातल्याच फायलीत होतं. किल्ली माझ्याकडं. फोटो काढला आणि धर्मराज सरांना पाठवला. चोरी म्हणायची तर म्हणा.

१६ मार्च

सरांचा फोन आला. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आता रिटायर झालेत, पण आवाज तसाच खणखणीत.

‘सावित्री, वही घे. टेक ओव्हर म्हणजे ताबा घेणं. इमारत, दुधाचा कूलर, सगळ्याचा ताबा. आणि तो शब्द वाइंड अप. त्याचंच रूप वाऊंड. वाइंड अप करणं म्हणजे गुंडाळणं. तुमची संस्था कायमची बंद होणार, पोरी.’

मी विचारलं, चारा देणार म्हणून आण्णा सांगतात ते?

‘ते खरं आहे. ब्रिंग इन लिहिलंय. जनावरांना रोज चारा आणून देतील. पण एकतीस तारखेच्या आत सभासदांचा ठराव हवा. नाहीतर फॉल थ्रू. म्हणजे सगळं बारगळलं.’

फोन ठेवला. संस्था म्हणजे काय आण्णांच्या घरचं बारदान आहे, गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला? ही इमारत उभी राहिली तेव्हा मी इथं नव्हते, पण शंभरदा ऐकलंय. बायकांनी नदीतून डोक्यावर दगड वाहिले. बायनाबाई तेव्हा पोटुशी होती. सातव्या महिन्यापर्यंत तिनं दगड आणले. अडतीस सभासद, अडतीस मतं. दहा म्हशीवाल्याला एक आणि एका म्हशीच्या बाईला पण एकच! गावात दुसरीकडं कुठं आहे असं? आणि हे सगळं जाणार, कुणाला न कळता, ‘अप’ नावाच्या एवढ्याशा शब्दामागून!

१८ मार्च

आण्णांना तोंडावर सांगितलं. केंद्रात दोघंच होतो. पदर नीट घेतला, आवाज खाली ठेवला. जेवढं पाळायचं तेवढं पाळलं.

‘आण्णा, तुमी लोकान्ला खोटं सांगितलं.’

‘खोटं कावून सांगू? कंपनीच्या साहेबानं मला गाडीत बसवून नेलतं. त्येनंच एकेक ओळीचा अर्थ सांगितला. मी तसाच तुमाला सांगितला.’

‘साहेबानं गोड करून सांगितलं.’

मला वाटलं, आता म्हणतील, बस, वाच बरं पुन्हा. म्हणणार होते पण! चष्मा काढला होता त्यांनी पुसायला. मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम उसळले. ‘तू लई शिकलेली! आमी आडाणी! किल्ली ठेव तितं. उद्यापासून मापाला दुसरं माणूस बघतो.’

किल्ली ठेवली. ठेवली कसली — आदळली.

१९ मार्च

पाच वाजता जाग आली. जायचं कुठंच नव्हतं.

२१ मार्च

दुष्काळात जनावरांसाठी उघडलेल्या छावणीत जाऊन आले. बायनाबाई दोन महिने तिथंच राहते, म्हशीजवळ. वर ताडपत्री, खाली धूळ. छावणीचा चारा पुरत नाही, म्हशीच्या बरगड्या मोजाव्यात अशा. टँकर काल आला नव्हता. आज आला तर हौदाभोवती ही झुंबड.

मी तिला सगळं सांगितलं. ताबा, गुंडाळणं, एकतीस तारीख. ती म्हशीच्या अंगावरच्या माश्या हाकत ऐकत होती.

‘चारा कवापासून देणार म्हणलीस?’

‘ठराव झाला की. पण मावशी, संस्था जाईल!’

‘हां. सत्तावीसला सभा हाय न्हवं? तितं वाच समद्यांपुढं. मी हाय.’

मी हाय! एवढं ऐकलं आणि येताना चार किलोमीटर उन्हातून चालत आले तरी काही वाटलं नाही.

२४ मार्च

धुळवड. पाणी नाही, राखेनंच खेळली पोरं. आण्णा समोरून गेले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी बघितलं नाही. ठीक!

२७ मार्च

हात दुखतोय तरी लिहिते. आज लिहिलं नाही तर फुटेन.

सभेला पस्तीस जण. आण्णांनी ठराव मांडायच्या आत मी उठले. हे खालून पदर ओढत होते. बायनाबाई ओरडली, ‘वाचू द्या तिला!’

वाचलं. आधी इंग्रजी ओळ, मग मराठी. ‘टेक ओव्हर — आपली इमारत आणि कूलर कंपनीच्या ताब्यात जाणार. वाऊंड अप — संस्था कायमची बंद होणार. आपण सभासद राहणार न्हाई. आपल्याला मत राहणार न्हाई.’ चाऱ्याचीही ओळ वाचली. लपवायचं असतं तर आण्णांत आणि माझ्यात फरक काय?

आण्णा उठले. म्हातारे दिसले एकदम. ‘पोरगी खरं बोलती. मला इंग्रजी येत न्हाई. येत न्हाई म्हणायची लाज वाटली. साहेबानं सांगितलं, मी मान हालवली.’

मी जिंकले होते! तेवढ्या वेळापुरती.

मग आण्णांनी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं पहिला हात कुणाचा? बायनाबाईचा!

‘मावशी!’ मी ओरडलेच. ‘तुमी पोटुशी असताना डोक्यावर आणलेले दगड हायेत ह्या भिंतीत!’

‘हायेत की. दगड म्हशीला खाता येत्यात का गं?’

‘मग मला वाच कशाला म्हणलात?’

‘देतोय काय ते कळाय नको? न सांगता नेलं असतं तर मी दारात आडवी पडले असते. आता कळलंय. आता मी देती.’

अठ्ठावीस हात. मी केला नाही. ह्यांनी केला, माझ्याकडं न बघता.

कुणावर चिडू? आण्णांवर चिडायची सोय राहिली नाही. बायनाबाईवर चिडले तर दोन महिने त्या ताडपत्रीखाली मी होते का? पण चीड आहे. आहेच! आठ वर्षं मापलेल्या दुधासारखी, काठापर्यंत. माणसाला आधी उपाशी ठेवायचं आणि मग समोर कागद धरायचा — मग इंग्रजीत असो नाहीतर मराठीत!

१ एप्रिल

चाऱ्याची पहिली गाडी आली. उसाचं वाढं, हिरवंगार. बायनाबाईची म्हैस उठून उभी राहिली, असं हे सांगत होते. मी गेले नाही बघायला.

संस्थेच्या नावाची पाटी उतरवली. माझं काम तर आधीच उतरलं होतं. ह्यांनाही दोन महिने काम नाही.

५ एप्रिल

कंपनीचे साहेब घरी आले. तेच, आण्णांना गाडीत बसवून नेणारे. मराठी छान बोलतात. ‘सभेत तुम्ही पत्र वाचलंत म्हणे. आम्हाला अशीच बाई हवी. तलवाड्याकडच्या संस्थांना पत्रं जाणार आहेत. ती मराठीत करून द्यायची, लोकांना समजावून सांगायची. महिन्याचा पगार.’ पहिलं पत्र पुढं ठेवलं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘सभासदांनी हक्क गिव्ह अप करायचे आहेत. त्याला जरा मऊ शब्द बघा.’

गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, हार मानणंसुद्धा. मी म्हणाले, बघते.