जुनी सहाचाकी आणि नवी दहाचाकी यांबाबत सोहनलाल यांची अखेरची इच्छा

मी, सोहनलाल, वडील जयराम, धंदा ट्रकचा, राहणार बरमाणा, जिल्हा बिलासपूर, हिमाचल प्रदेश, हे कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, आपल्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गोंधळ मात्र आहे. पण गोंधळ हा आजार नाही, असं डॉक्टरच म्हणाले.

१. राहतं घर व मागचं मक्याचं शेत माझी पत्नी कौशल्या हिच्याकडे ती हयात असेतोवर राहील. तिच्यानंतर मुलगा देसराज व मुलगी सुमना यांना निम्मंनिम्मं. अंगणातली खाट माझीच होती, ती कोणीही घ्यावी.

२. जॅक, पाने आणि साखळदंड गॅरेजवाल्या बंसीला. माझी ताडपत्री ट्रकवाल्या निक्कूरामने नेली आणि भोकं पाडून परत केली. ती त्यालाच द्यावी. पावसात कामी येईल.

३. आता गाड्या. इथेच माझं डोकं चालत नाही.

जुनी सहाचाकी देसराज चालवतो, नवी दहाचाकी सुमनाचा नवरा जोगिंदर. दोघंही कारखान्यातून सिमेंट भरून खाली पंजाबात रोपडला नेतात आणि येताना सिमेंटात मिसळायची राख घेऊन घाट चढतात. मी वाटणीचा विषय काढला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. देसराज म्हणायचा, "जुनी कमी डिझेल पिते म्हणून जीजाजींचा डोळा तिच्यावर आहे." जोगिंदर सुमनाला ऐकवायचा, "तुझ्या भावाला सांग, माल किती वाहिला तेही बघ म्हणावं." दिवाळीलासुद्धा दोघं पाठीला पाठ लावून जेवले.

म्हणून मी परीक्षा घेतली. एकाच पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायच्या आणि कोणी जास्त प्यायलं ते बघायचं. पहिल्या खेपेत रस्त्याच्या हिशेबाने जुनी जिंकली. पोत्यांच्या हिशेबाने नवी. दुसऱ्या खेपेला राख मिळाली नाही, दोन्ही रिकाम्या परतल्या. तेव्हा पोत्यांच्या हिशेबातही नवीचं फारसं काही उरलं नाही. मग तिसऱ्या खेपेला राख जास्तच भरून चढलो, तर घाटात जुनी अशी धापा टाकू लागली की सगळं उलटलं. मी दोघांच्या गाड्या बदलून पाहिल्या, तर निकालही बदलला. गाडी मोजतोय, घाट मोजतोय की चालवणाऱ्याचा पाय, हेच मला कळेना. कौशल्या म्हणाली, "दोन्हीतून धूरच निघतो ना? मग जेवायला या."

शेवटच्या खेपेला ज्याची त्याला गाडी दिली. दोन्हीत सिमेंट भरलेलं, मी देसराजशेजारी. स्वारघाट ओलांडून उतरणीला लागलो आणि मागून हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. देसराजने आरशात बघितलं.

"बाऊजी, जीजाजींचा ब्रेक गेलाय. घट्ट धरा."

"तू बाजूला घे!" मी ओरडलो.

"बाजूला घेतली तर ते सरळ दरीत."

त्याने बाजूला घेतली नाही. मागची जवळ आली तशी त्याने आपलीही पळू दिली, आणि नवीचं तोंड आमच्या पाठीला टेकलं तेव्हा ब्रेक धरला. पत्रा चेपल्याचा आवाज माझ्या दातांत उतरला. एकेक गिअर खाली घेत, दोन्ही गाड्यांचं ओझं एका जुन्या गाडीवर तोलत तो वळणामागून वळण उतरत गेला. ब्रेक जळल्याच्या वासाने श्वास कोंडला. मी देवीचं नाव घेत होतो की देसराजचं, आठवत नाही. शेवटी रस्ता जरा चढाला लागला तिथे दोन्ही थांबल्या.

जोगिंदरची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. देसराजने ती एकेक करून सोडवली आणि कित्येक महिन्यांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलला.

"जीजाजी, आता टाकी मोजायची का?"

जोगिंदर हसायला गेला आणि रडला. मग देसराजही. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो.

वाटलं, सुटलो. पण तिथून जास्तच अडकलो. आता देसराज म्हणतो, "नवी जीजाजींनाच द्या, त्यांना दोन मुली आहेत." जोगिंदर म्हणतो, "माझ्यासाठी ज्याची गाडी चेपली, नवी त्याची." भांडत होते तेव्हा निदान कोणाला काय हवंय ते कळत तरी होतं.

म्हणून ठरवतो: दोन्ही गाड्या सुमना आणि देसराज यांच्या सामाईक मालकीच्या. कोणती कोणी चालवायची ते रोज सकाळी आपसात ठरवावं. ठरलं नाही तर सुमना सांगेल, आणि तिने कारण देण्याची गरज नाही. वकील म्हणतात, असं कलम त्यांनी कधी लिहिलेलं नाही. आता लिहिलं.

४. कोणती गाडी कमी पिते हे मला आजही ठाऊक नाही. माझ्यामागे कोणाला कळलंच, तर त्याने ते या घरात बोलू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे. आम्हा दोघा साक्षीदारांसमोर सोहनलाल यांनी सही केली, व त्यांच्यासमोर आम्ही केली.

सही: सोहनलाल
साक्षीदार: बंसीलाल, गॅरेज, बरमाणा (पान्यांचं कलम ऐकल्यावर वकिलांनी नाव खोडलं; ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणे)
साक्षीदार: गरजाराम, निवृत्त पोस्टमन
साक्षीदार: लच्छमी देवी, शेजारीण

बिलासपूर, ११ मार्च २०१९